गोव्यातल्या हणजूणच्या खडकांवरचं दोन दिवसांचं समुद्र-शिबिर: एका खानावळवालीचा अनुभव

पैसे वसूल झाले का, ते आधी सांगते. परत आल्यापासून ज्या बायका भेटल्या त्यांनी पहिलं तेच विचारलं. झाले. आम्हा मायलेकींचे मिळून चार हजार चारशे रुपये गेले, वर रविवारचा खानावळीचा धंदा बुडाला, आणि तरीही मी पुन्हा जाणार आहे.

बेळगावच्या शहापुरात माझी मासळीची खानावळ आहे. तेवीस वर्षं झाली. बांगडा, तारली, सुरमई, कोळंबी, हंगामात तिसऱ्या, कधीमधी मोरीचं, म्हणजे लहान शार्कचं, मटण. माल कॅम्पातल्या मार्केटातून घेते, म्हणजे गोवा, कारवार, मालवणहून रात्रीच्या गाड्यांनी आलेला. लेक एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी माध्यमात शिकली, आता पीयूसी सायन्सच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला आहे. गेल्या दिवाळीत फराळाला सगळे बसलेले असताना ती म्हणाली, मला समुद्राचं शास्त्र शिकायचंय. सगळे गप्प. बेळगावात समुद्र कुठला? तिच्या काकांनी विचारलं, त्याचं पुढं काय होतं, नोकरी कुठं लागते? मला उत्तर देता आलं नाही, आणि ते मला फार लागलं. रोज दहा-बारा किलो समुद्र माझ्या विळीखालून जातो आणि त्याबद्दल पोरीला सांगायला माझ्याकडं दोन वाक्यं नाहीत. मग तिच्या कॉलेजातल्या मॅडमनी या शिबिराचं सुचवलं.

गोव्यात समुद्रावर संशोधन करणारी चार तरुण मुलंमुली आहेत. सुट्टीच्या दिवशी ती हे शिबिर घेतात. शनिवार-रविवार, एका वेळी सोळाच जण. मोठ्यांना अडीच हजार, शिकणाऱ्या मुलांना एकोणीसशे. राहणं, जेवण, होडी सगळं त्यात. त्यांचं नाव आणि नंबर मी इथं मुद्दाम लिहीत नाही. खडकावर एका वेळी फार पाय पडले की तिथली जनावरं तुडवली जातात, म्हणून ती ओळखीतूनच माणसं घेतात आणि जाहिरात करू नका असं त्यांनी हात जोडून सांगितलंय. बेळगावातल्या कुणाला खरंच जायचं असेल तर दुपारी तीननंतर खानावळीत या, मी नंबर देते.

तारीख आपण ठरवायची नाही, चंद्र ठरवतो. आम्हाला पौष पौर्णिमेचा शनिवार मिळाला. त्यांच्यातला एक मुलगा वेंगुर्ल्याकडचा, त्यानं पहिल्याच तासाला जो हिशेब सांगितला तो मी जन्मात विसरणार नाही: तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला भरती, आणि तिथून सहा तासांनी, संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास, पाणी सगळ्यात खाली. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून वेळ रोज पाऊण तासानं पुढं सरकते. पौर्णिमा-अमावस्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, त्याला उधाण म्हणायचं. अष्टमीच्या सुमाराला ओढ फाकते, तो भांग. उधाणाला पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, आणि एरवी बुडालेला खडक दोन-तीन तास उघडा पडतो. मग त्यानं भरती-ओहोटीचं छापील कोष्टक काढून दाखवलं. पंचांगाचा हिशेब आणि कोष्टक यांत थोड्याच मिनिटांचा फरक होता. माझ्या लेकीनं वहीत दोन्ही लिहून घेतलं.

प्रवास थोडक्यात. सकाळच्या बसनं जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी करत पणजी. घाटात उलटी होणाऱ्यांनी पुढची जागा धरा. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, त्यामुळं कणकुंबी आली की मी खिडकीतून हात जोडते, तिथं मलप्रभा उगम पावते. ती पुढं कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. त्याच तालुक्याच्या जंगलात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला वळते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. हे शाळेत पाठ केलेलं होतं. पण ज्या दुपारी मी पणजीच्या पुलावर उभी राहून मांडवीचं ते रुंद पात्र बघितलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे आमच्याकडचं पाणी आहे की.

आता खडक.

हणजूणच्या किनाऱ्याला वाळू संपते तिथून काळे-तांबूस खडक समुद्रात शिरलेले आहेत. मी तिथं चप्पल घालून गेले. पहिल्या दहा मिनिटांत घसरले आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या धारेवर पोटरी कापून घेतली. मागं घट्ट बसणारे, तळ न घसरणारे बूट घालून या असं त्यांच्या सूचनांमध्ये होतं, पण त्या सूचना इंग्रजीत आणि हे वाक्य सगळ्यात शेवटी. मराठीत दोन ओळी वर टाकल्या असत्या तर रक्त वाचलं असतं. त्यांना तोंडावर सांगितलं, त्यांनी मान्य केलं.

त्यांनी आम्हाला खडकावर वरून खाली नेलं, जिना उतरल्यासारखं. सगळ्यात वर, जिथं फक्त तुषार पोचतात, तिथं मिरीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी फटींमध्ये दाटीवाटीनं बसलेल्या. त्याखाली बार्नेकल, खडकावर चुना शिंपडल्यासारखे पांढरे खडबडीत ठिपके. मी ते शिंपलेच समजत होते. शिकवणारी मुलगी म्हणाली, मावशी, ही तुमच्या कोळंबीची चुलत बहीण. पिल्लू असताना पाण्यात पोहते, मग एके दिवशी डोकं खडकाला चिकटवते, भोवती चुन्याचं घर बांधते आणि उरलेला जन्म पाय बाहेर काढून पायांनीच अन्न ओढत राहते. एका डबक्यात अजून पाणी होतं. तिथं तिनं आम्हाला पालथं झोपवून बघायला लावलं. दोन मिनिटं काही नाही. मग त्या पांढऱ्या ठिपक्याचं तोंड उघडलं आणि आतून केसांचा एक बारीक पंखा बाहेर आला, पाणी चाळलं, आत गेला. पुन्हा आला. पुन्हा गेला. माझ्या लेकीनं श्वास धरून ठेवला होता. डार्विननं या एका प्राण्यावर आठ वर्षं घातली, असं त्या मुलीनं सांगितलं. ते बघितल्यावर मला ती आठ वर्षं जास्त वाटली नाहीत.

आणखी खाली कालवं, मग हिरवं-तपकिरी शेवाळ, आणि पाण्याच्या अगदी कडेला झोअँथिड. खडकाला हिरवट बटणं टाचल्यासारखी दिसतात. ओहोटीला मिटलेली असतात, पाणी आलं की फुलतात. प्रवाळाचेच हे नातेवाईक. यांच्यातल्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं, म्हणून हात लावायचा नाही. खरं तर कशालाच हात लावायचा नाही, दगड उलटा केला तर तो होता तसा परत ठेवायचा, कारण खालची बाजू ज्यांचं घर आहे ते उन्हात मरतात. हा एक नियम त्यांनी सोळाही जणांकडून कडक पाळून घेतला. हुबळीहून आलेल्या एका काकांनी शंख खिशात टाकला, तर त्या मुलीनं त्यांना तो परत ठेवायला लावला. आत साधूखेकडा होता. त्याच्या मागच्या मऊ अंगाला स्वतःचं कवच नसतं, मेलेल्या गोगलगायीचा शंख हेच त्याचं घर. काका चांगले मनाचे, परत ठेवून वर पाच मिनिटं तो चालतो कसा ते बघत बसले.

एक गोष्ट खटकली. ठरल्यापेक्षा चाळीस मिनिटं उशिरा आम्ही खडकावर पोचलो, जीपची वाट बघण्यात वेळ गेला. बाकी कुठंही चाळीस मिनिटं चालतील. इथं नाही चालत, पाणी थांबत नाही. सगळ्यात खालची पायरी आम्हाला घाईत उरकावी लागली.

रात्रीचं जेवण: मी या धंद्यातली, तेव्हा सांगायलाच हवं. बांगड्याचं हुमण, तिरफळं घालून केलेलं, खोबरं वाटलेलं अगदी मऊ. उत्तम. उकडा भात आमच्या बेळगावच्या पोटाला जरा जड. सुक्या सुंगटांचं किस्मूर मी दोनदा घेतलं. झोपायला बायकांना एकच खोली आणि मच्छरदाणी नाही. ओडोमॉस न्या.

जेवणानंतर कासवांवर तासभर बोलणं झालं. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत समुद्रात जाते, मागं वळून बघत नाही. पन्नास-पंचावन्न दिवसांत पिल्लं निघतात. वाळू गरम असली तर माद्या जास्त, थंड असली तर नर जास्त. गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथं ती येतात. हे सगळं छान होतं, पण माझ्या मनात बसली ती एकच कासवीण. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या लोकांनी तिच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूची पट्टी लावली, क्रमांक ०३२३३. जानेवारी २०२५ मध्ये तीच कासवीण रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. साडेतीन हजार किलोमीटर. तोवर असं धरून चालत होते की पूर्व किनाऱ्यावरची कासवं तिकडं आणि पश्चिमेची इकडं. ती पट्टी नसती तर ती कुठून आली हे कुणालाच कळलं नसतं. मला लगेच कणकुंबी आठवली. एका डोंगराचं पाणी दोन समुद्रांना जातं हे आम्हाला ठाऊक होतं. त्या दोन्ही समुद्रांना घर मानणारा जीव आहे, हे नव्यानं कळलं. लेक उशिरापर्यंत गुगल नकाशावर बोट फिरवत होती, ओडिशापासून श्रीलंकेला वळसा घालून गुहागर.

रविवार माझा होता.

सकाळी साडेसहाला मालीमच्या जेटीवर नेलं, पणजीच्या समोरच्या काठाला. ट्रॉलर लागत होते. पेट्या उतरत होत्या, बर्फ फुटत होता, बायका ओरडत होत्या. मला घरच्यासारखं वाटलं. पोरांनी एका होडीवाल्याकडून दोन टोपल्या विकत घेतल्या, त्यातली एक कचऱ्याची. जाळ्यात येतं पण विकलं जात नाही ते: बोटाएवढे मासे, खेकडे, समुद्रतारे, वीतभर साप-मासे. दहा मिनिटांत त्या टोपलीत आम्ही सव्वीस वेगवेगळ्या जाती मोजल्या. मग सगळं घेऊन त्यांच्या भाड्याच्या घरी, ओट्यावर.

ती मुलगी बांगडा कापायला लागली. मी बघत होते. हात चांगला होता तिचा, पण सुरी चुकीच्या बाजूनं धरलेली. मी काही बोलले नाही, पण तिनं माझा चेहरा वाचला असावा. तिनं सुरी फिरवून मूठ माझ्याकडं केली. "मावशी, तुम्ही कापा, मी सांगते काय बघायचं ते." तिथून पुढचे अडीच तास मी कापत होते आणि ती बोलत होती.

बांगड्याचे कल्ले मी रोज ओरबाडून टाकते. तिनं म्हटलं, टाकू नका, बशीत पाण्यात ठेवा. पाण्यात ते फुलले. लाल झालर ती श्वासाची, आणि तिच्या आतल्या बाजूला लांब लांब, पिसासारखे दाते. बांगड्याचं तोंड उघडून उजेडाकडं धरलं तर हे दाते नुसत्या डोळ्यांनी दिसतात. तेवीस वर्षांत मी तोंडात डोकावले नव्हते. ही चाळण. बांगडा पाणी घेतो, चाळतो, आणि पाण्यात तरंगणारे बारीक जीव गिळतो. मग त्याचं पोट चिरून आतला हिरवट लगदा तिनं काचेवर घेतला. आदल्या संध्याकाळी बार्नेकल जे पायांनी करत होता तेच हा गळ्यानं करतो, हे माझं मलाच सुचलं आणि मी मोठ्यानं बोलले. ती म्हणाली, हो, अगदी तेच.

बांगड्याचं शास्त्रीय नाव रास्ट्रेलिजर कानागुर्ता. त्यातलं कानागुर्ता म्हणजे आंध्रच्या किनाऱ्यावरचं तेलुगू नाव, शास्त्रज्ञांनी तसंच उचललं. हे ऐकल्यावर त्या नावाची भीती गेली. आमच्याकडं बांगडा, कन्नडमध्ये बंगुडे, आणि शास्त्रातही कुण्या कोळ्याचाच शब्द.

मग ढोमा. गोव्यात त्याला दोडयारे म्हणतात. ढोम्याचं डोकं फोडलं की आत दोन पांढरे खडे निघतात, हे मासळी करणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. दाताखाली आला की माणूस तक्रार करतो, म्हणून मी ते आधीच काढून टाकते. तिनं विचारलं, मावशी, डोक्यात काही सापडतं का तुम्हाला? मी एका फटक्यात दोन्ही खडे तळहातावर काढून दिले, न मोडता. ती चकित झाली. म्हणाली, आम्ही हे शिकायला महिना घालवतो.

तो माशाचा कानातला दगड. ओटोलिथ. त्यावरून माशाला आपण सरळ आहोत की कलंडलोय ते समजतं आणि ऐकूही येतं. ढोम्याच्या दगडाची एक बाजू फुगीर, दुसऱ्या बाजूला बेडकाच्या पिल्लासारखी खूण: गोल डोकं आणि शेपटी. भिंगाखाली मी ती बोटानं चाचपली. प्रत्येक जातीचा दगड वेगळ्या घडणीचा. डॉल्फिनच्या पोटात मासा विरघळतो पण हे दगड बरेचदा राहतात, त्यावरून तो काय जेवला ते ओळखता येतं. आणि दगड पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या बुंध्यासारखी कडी दिसतात. लहान माशात तर रोजचं एक कडं. मासा किती दिवसांचा होऊन मेला हे मोजता येतं. मी किती हजार खडे कचऱ्यात टाकले असतील, त्याचा त्या क्षणी हिशेब करायला लागले आणि थांबले.

ढोम्याच्या पोटातली हवेची पिशवीही तिनं दाखवली. घोळ माशाची हीच पिशवी, बोत म्हणतात तिला, सोन्याच्या भावानं परदेशात जाते. त्या पिशवीशेजारचे स्नायू थरथरवून ही जमात पाण्याखाली आवाज काढते. संशोधक पाण्यात माइक सोडून तो ऐकतात. तिनं मोबाइलवर ऐकवला, दुरून कुणी ढोलकीवर बोटं आपटतंय असा.

टोपलीत एक छोटी मोरीही होती. ती बघून मला राहवलं नाही. मी सांगितलं, सतरा वर्षांपूर्वी मी मोरी चिरत होते, तेव्हा पोटातून सात पिल्लं बाहेर आली, जिवंत नव्हती पण पुरी झालेली, डोळे असलेली. मी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होते. सासूबाईंनी मला ओट्यावरून उठवलं आणि स्वतः सगळं आवरलं. त्या दिवसापासून मोरी चिरताना माझा हात अडखळतो. मासा अंडी घालतो, मग ही पिल्लं कशी, हे मी कुणाला विचारलंही नव्हतं. त्या मुलीनं सुरी खाली ठेवली. सांगितलं की आपल्या किनाऱ्यावरची ही लहान मोरी पिल्लांना पोटातच वाढवते, आणि नुसती वाढवत नाही, वार असते, नाळ असते. पिल्लू नाळेतून आईकडून अन्न घेतं. बाकी मासे लाखांनी अंडी सोडतात, ही डझनभर पिल्लंच देते, म्हणून एक गाभण मादी जाळ्यात गेली की तिची भरपाई सहज होत नाही. माझी लेक शेजारी उभी होती. ती मोरी चिरली तेव्हा पोटात होती ती हीच. तिनं काही न बोलता माझा माशाचा हात धरला.

मोरीचं मटण आता पाटीवर नाही. गिऱ्हाइकं विचारतात, मी कारण सांगते.

दुपारी होडीतून मांडवीच्या मुखाशी नेलं. रेशमासारख्या बारीक जाळीची लांब टोपी पाण्यातून ओढली, टोकाच्या बाटलीत गढूळ पाणी जमलं. ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, तर इथं दुसरी मोठी उणीव: सोळा माणसांना सूक्ष्मदर्शक एकच. रांगेत माझ्या वाट्याला तीन मिनिटं आली. त्या तीन मिनिटांत काचेसारखे पारदर्शक, एकडोळे, लांब मिशांचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव झटके देत फिरताना दिसले. बांगड्याच्या पोटातला लगदा जिवंत असताना असा दिसतो. आणखी एक सूक्ष्मदर्शक घ्यायला प्रत्येकाकडून शंभर जास्त घेतले तरी कुणी कुरकुर करणार नाही, हे मी त्यांना लिहून दिलंय. परतताना दोन डॉल्फिन दिसले, पाठीवर उंचवटा असलेले. होडीवाल्यानं इंजिन बंद केलं, पाठलाग केला नाही. वेंगुर्ल्याच्या मुलानं पाठीवरच्या पराचे फोटो काढले. परावरचे कापे आणि खाचा प्रत्येकाच्या वेगळ्या, त्यावरून एकेक डॉल्फिन ओळखून वर्षानुवर्षं नोंद ठेवतात.

तारलीबद्दल मी मुद्दाम विचारलं होतं. मध्यंतरी तारली अशी गायब झाली होती की मला गरिबाच्या ताटाचा दर वाढवावा लागला. त्यांनी केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे आकडे दाखवले. ही संस्था १९४७ पासून आहे, मुख्यालय कोची, आणि आपल्या जवळ कारवारलाही तिचं केंद्र आहे. केरळात २०१२ साली जवळजवळ चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ साली साडेतीन हजार टनसुद्धा नाही. पावसाळ्यात वारा किनाऱ्याचं वरचं पाणी बाहेर ढकलतो, खालचं थंड, खताळ पाणी वर येतं, त्यावर बारीक जीव फोफावतात आणि त्यावर तारली वाढते. हे चक्र बिघडलं, पाणी तापलं की तारली पडते. त्यात बारकी पिल्लंच उपसली तर उरतं काय? केरळात म्हणून कमीत कमी लांबी ठरवलीय, तारली दहा सेंटिमीटर, बांगडा चौदा. त्याखालची पकडायची नाही.

आता पालकांसाठी, कारण काकांच्या प्रश्नाचं उत्तर मी आणलंय. समुद्राचं शास्त्र शिकायला परदेशी जावं लागत नाही. आपल्या धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्राचा विभाग कारवारला, कोडीबागेत आहे. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान आहे. मंगळूरचं मत्स्य महाविद्यालय १९६९ पासून चालू आहे, रत्नागिरीला शिरगावचं आहे, कोचीला कुसाट, म्हणजे कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. पणजीजवळ दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १ जानेवारी १९६६ ला स्थापन झालेली. तिच्या फाटकासमोर आमची जीप पाच मिनिटं थांबवली होती. बारावीला जीवशास्त्र सोडू नका, आणि गणितही सोडू नका, असं चौघांनीही बजावलं. त्यांची रोजची अर्धी कामं आकडेमोडीची आहेत.

शिकवण्याबद्दल एक तक्रार राहते, ती भाषेची. चौघंही बोलताना मराठी, कोंकणी, हिंदी सगळं वापरतात, पण हातात दिलेले कागद फक्त इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना माशाचं चित्र ओळखता येतं, नाव ओळखता येत नाही. लेकीनं घरी येऊन स्वतःच तक्ता केला: मराठी, कोंकणी, कन्नड, शास्त्रीय, सगळं मराठी अक्षरात. एकोणतीस मासे झालेत. एक प्रत शिबिराला पाठवली, एक खानावळीच्या भिंतीवर लावलीय. जेवायला येणारे आता भाकरी मोडता मोडता वाचतात, आणि कारवारकडचे एक ड्रायव्हर आहेत, त्यांनी दोन नावं दुरुस्तही करून दिली.

हातातलं काम, जेवण आणि त्या मुलांची माणसं सांभाळायची रीत यांना मी पाचपैकी पाच देईन. वेळ, सूक्ष्मदर्शक आणि कागदांसाठी एक कापते. मुलांना नुसतं सोडून येऊ नका, स्वतः बसा. ज्या बाया घरी मासे करतात त्यांनी तर नक्कीच बसा.

ऑक्टोबर ते मे शिबिरं असतात. पावसाळ्यात खडकावर कुणाला जाऊ देत नाहीत, आणि जून-जुलैला तशीही मासेमारी बंद. कॅम्पातल्या माझ्या मासळीवाल्या मावशींना परवा ढोम्याचा खडा भिंगाखाली दाखवला. चाळीस वर्षं मासे विकतात त्या. बराच वेळ बघत राहिल्या, मग विचारलं, "त्यो बुट कुठं मिळतोय, न घसरायचा?" आम्ही दोघींनी बाजारात जाऊन एकाच मापाचे दोन जोड घेतलेत. चैत्रातल्या पौर्णिमेची जागा मागून ठेवलीय.